बंद जिनिंगच्या आत काय असेल?

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे, दारव्हा तालुक्यात राहतो. कॉलेजला जाताना रेल्वे लायनीजवळ एक बंद जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, लागते. उंच चिमणी, छप्पर पडलेलं, फाटकाला गंजलेलं कुलूप. मित्र म्हणतात, भिंतीवरून उडी मारू, फोटो काढू. जावं का? आणि ती बंद का पडली असेल?

उत्तर : भिंतीवरून जाऊ नकोस बाळा. कापसाला आग लागायची भीती, म्हणून अशा आवारात हौद नाहीतर विहीर असतेच, आणि आता तिच्यावर गवत माजलेलं असतं. टिनंही सडलेली असणार. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारलंस की मालक कळेल. त्याची परवानगी काढ आणि मोठं माणूस सोबत घेऊन दिवसा जा.

तोवर बाहेरूनही पुष्कळ कळतं. चिमणी आहे म्हणजे जिनिंग वाफेवर चालायची. लांब, बुटक्या शेडमध्ये सरकी आणि रुई वेगळी व्हायची. तिच्याजवळची उंच इमारत बहुधा प्रेसची, तिथे रुई दाबून गठाणी बांधत. मुर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी लाईन 1903 ची, आपली शकुंतला. गठाणी तिच्यावरून मुर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला. म्हणून जिनिंग लायनीला लागून. 1925 च्या कायद्यानं प्रत्येक प्रेसला स्वतःचं चिन्ह मिळालं, ते गठाणीवर उमटवावं लागे. गावात कुणाकडे त्याचा पत्र्याचा छाप असेल तर नक्की बघ.

तुझ्याच जिनिंगचं कारण तिथले लोक सांगतील. पण 1972 पासून एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, व्यापाऱ्यांची खरेदी थांबली आणि जिनिंग सरकारी कापसाच्या मजुरीवर आल्या. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, नव्या यंत्रांच्या जिनिंग हायवेला उभ्या राहिल्या. हातानं कापूस घालायच्या जुन्या जिनिंग मागं पडल्या. शकुंतलाही आता बंद आहे.

हातानं कापूस घालायच्या त्या बहुतेक बायाच. माझी आईही हंगामात तेच करायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केस, भुवया, पदर, सगळं पांढरं, आणि रात्रभर खोकला. "मशिनीपुढं काई आयकू ये ना माय," म्हणायची. फाटकावर मालकाचं नाव कोरलेलं असतं, या बायांची नावं कुठंच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून फोटोच्या आधी तुझ्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे जा. हजेरी कोण मांडायचं, मजुरी आठवड्याला मिळायची की रोज, तान्ही लेकरं कुठं निजवायच्या, भोंगा किती वाजता व्हायचा, शेवटच्या दिवशी काय सांगून घरी पाठवलं, हे विचार. त्या सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत लिही. त्यांनी होकार दिला तर नावासकट मला पाठव, पुढच्या अंकात जागा ठेवते.