काकांच्या स्पूल टेपमधील गाणी अजून वाचवता येतील का?

अमेरिकन गायिका-गीतकार कॉनी कॉन्व्हर्स हिची गाणी अर्ध्या शतकाने ‘सापडली’ म्हणजे नेमके काय झाले, आणि फोंड्याच्या आपल्या जुन्या घरातील माळ्यावर पडून असलेल्या काकांच्या अप्रकाशित गाण्यांच्या स्पूल टेपचे तसे काही होईल का, असे आपण विचारले आहे.

खरे तर ती गाणी हरवलीच नव्हती. अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक जीन डाइच (आपण लहानपणी पाहिलेल्या ‘टॉम अँड जेरी’चे काही भाग त्यांचेच) यांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आपल्या घरी, गिटारवर स्वतःची गाणी गाणाऱ्या कॉनीचे ध्वनिमुद्रण केले होते. प्रकाशक न मिळाल्याने तिने गाणे मागे टाकले, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाडी घेऊन ती घरातून निघाली ती परत आलीच नाही. टेप मात्र डाइच यांच्याकडे होत्या, काही मुद्रणे तिच्या भावाकडेही होती. २००४ मध्ये डाइच यांनी त्यांतील एक गाणे न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात ऐकवले, ते ऐकलेल्या एका तरुणाने मित्राच्या साथीने पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये अल्बम निघाला. जर्मनीच्या सिबिल बायर हिने १९७० ते १९७३ या काळात घरीच टेपवर गायलेली गाणी तर तिच्या मुलाने मुळात घरच्यांसाठी सीडीवर उतरवली होती. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे टेप कोणीतरी जपली होती, आणि मग कोणीतरी तिची प्रत काढली.

आपल्याकडे अडचण आहे ती पावसाळ्याची. माळ्यावरील दमट उष्णतेत बुरशी धरते, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेपमध्ये चुंबकीय थर फितीला चिकटवणारा पदार्थ ओलावा शोषून चिकट होतो. मी हे न जाणता आमच्या कवळ्याच्या घरातील एक स्पूल सापडल्या दिवशीच उत्साहाने यंत्रावर चढवली. दोन मिनिटांत यंत्राच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी राप साचला, फीत चिरकू लागली आणि पहिले भजन कायमचे गेले. आपण तसे करू नये. फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती बहुधा अ‍ॅसिटेट या जुन्या प्लास्टिकची आणि ठिसूळ असते. गुंडाळलेली स्पूल उजेडासमोर धरल्यास अ‍ॅसिटेटमधून प्रकाश थोडा आरपार जातो, पॉलिएस्टरमधून जात नाही. चिकट झालेली पॉलिएस्टर फीत जाणकार मंडळी नियंत्रित उष्णतेत, साधारण ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवून तात्पुरती वाजवण्याजोगी करतात. अ‍ॅसिटेटला मात्र ही उष्णता देत नाहीत, आणि घरच्या ओव्हनमध्ये तर कोणतीच फीत ठेवू नये. डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या उच्च दर्जात मागून घ्यावी, आणि मूळ स्पूल फेकू नये.

प्रसिद्ध करायचे असल्यास शब्द व चाली काकांच्या असल्या तरी हक्क आता वारसांचे आहेत, आणि गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा असल्यामुळे काकूंसह सर्वांची लेखी संमती वकिलाकरवी घ्यावी. त्याआधी मात्र प्रत ऐकवून काकूंना विचारून घ्यावे की तबल्यावर कोण होते, गाणे कोणत्या साली आणि कोणाच्या घरी मुद्रित झाले, आणि ते त्याच दिवशी डब्यावर लिहून ठेवावे.