कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा फुटी रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) बसवता येईल का? रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पाणी आणू नका. पावसाळ्यात किनाऱ्याजवळची क्षारता घसरते, पाणी गढूळ असतं, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. शिवाय ७०० लिटर पाणी एकदा टेम्पोने आणाल, पण दर आठवड्याला १० टक्के बदलायचं ते कुठून आणणार? किराणा दुकानातलं खडे मीठही उपयोगाचं नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट) यांचा पत्ता नसतो. रीफसाठीच मिळणारं मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला २५ किलोची एक बादली.

आता वजन. ६ x २ x २ फूट टाकी काठोकाठ ६८० लिटर धरते. १२ मिमी काच सव्वाशे किलोच्या घरात, दगड ५०, वाळू ४०, त्यात खालचा संप (टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी) आणि स्टँड धरला की ११०० किलो, तेही १२ चौरस फुटांवर. घराचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. हा आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे नुसता भागाकार करून घाबरू नका. पण हॉलच्या मधोमध ठेवायचा विचार सोडा. जागा बीमवर, कॉलमजवळ, भिंतीलगत हवी, आणि इमारतीचं ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. वजनासाठी तळमजला उत्तम, पण २०१९ किंवा २०२१ चा पूर आत शिरला असेल अशा गल्लीत तो पर्यायच नाही.

स्टँड उद्यमनगरात हवा तसा करून मिळतो. दोन इंची चौकोनी पाइप, ३ मिमी जाडी, उंची अडीच फूट. सगळी वेल्डिंग पूर्ण फिरवून घ्या आणि भोकं पावडर कोटिंगच्या आधी पाडून घ्या; नंतर पाडलेल्या भोकातून खारट पाणी शिरतं आणि गंज आतून धरतो. वर १८ मिमी मरीन प्लाय. १२ मिमी काचेला वरच्या कडेने काचेच्या पट्ट्या हव्यातच. त्या नको असतील तर १५ ते १९ मिमी काच घ्या. ओव्हरफ्लोची (वरचं पाणी संपमध्ये उतरवणारी) भोकं ज्या काचेत पाडायची ती टफन नसावी. टफन काच ड्रिल लागताच चुरा होते.

प्लंबिंगमध्ये बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते: वीज गेल्यावर. रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत वर चढवणारा) थांबला की वरचं पाणी सायफनने खाली येतं. या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे जवळजवळ ११ लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली १० सेमी असेल तर शंभरावर लिटर संपमध्ये उतरतं आणि तिथून खालच्या फ्लॅटच्या छताला. तोंड पातळीच्या एखादा सेंटिमीटर खाली ठेवा. मासे टाकण्यापूर्वी पंप चालू असताना संपवर चिकटपट्टी लावा, मग मेन स्विच बंद करा, पाणी जिथे स्थिरावतं तिथे दुसरी पट्टी लावा. वरच्या पट्टीपासून काठापर्यंत तीनचार बोटं उरलीच पाहिजेत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, गोगलगाय किंवा चुना अडकला की तो मिटत नाही. खाली येणारे पाइप तीन ठेवा: एक पूर्ण भरून वाहणारा, एक अर्धवट, तिसरा फक्त आणीबाणीचा.

पाण्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार काढणारा) फिल्टर लागतोच, टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये क्षार परत मिसळतात, त्याचं पाणी चालत नाही. सोसायटीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात त्या दिवशी पाणी भरू नका. क्लोरीनने आरओचा मेम्ब्रेन जातो. मीठ नेहमी वेगळ्या पिंपात, पंप लावून विरघळवा. क्षारता ३५ (लिटरला साधारण ३५ ग्रॅम), घनता १.०२६. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणाने जुळवून घ्या.

तापमान २५ ते २६. एप्रिल-मे मध्ये चिलर (पाव ते तृतीयांश एचपी) लागेल. संपवरचा पंखा दोनतीन अंश उतरवतो, पण त्याने रोज कैक लिटर पाणी उडतं. त्याच्या जागी गोडं आरओ-डीआय पाणी टाकायचं, खारं नाही. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतात: ५०० वॅटचा एक घेण्यापेक्षा ३०० चे दोन. एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही. सगळ्याला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायरला सॉकेटखाली झोळ, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं.

रिटर्न तासाला ३००० लिटरचा पुरतो. वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवत ठेवणारे पंप) दोन, मिळून १५,००० च्या पुढे. वेव्हमेकर डीसीचे, म्हणजे बॅटरीवरही चालवता येणारे घ्या, कारण वीज गेल्यावर आधी गुदमरतात ते मासे, आणि एक वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग हलवत राहिला तरी ते तगतात. पुराच्या दिवसांत वीज सलग गेली तर इन्व्हर्टरवर फक्त तोच ठेवा.

आता प्रवाळ. सगळे कठीण प्रवाळ, सी फॅन, काळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार 'सगळे ठेवतात' म्हणेल. गुन्हा तुमच्या नावावर लागतो. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचे दगड उचलणंही त्यातच आलं. जोअँथिड, मशरूम, लेदर यांसारखे मऊ प्रवाळ पक्क्या बिलावर घ्या. यात खर्चाचाही फायदा आहे: महागडे दिवे आणि डोसिंग पंप (कॅल्शियम वगैरे मोजून टाकणारे) लागत नाहीत, साप्ताहिक पाणीबदलाने अल्कलिनिटी ८-९ डीकेएचच्या (तिचं माप) आसपास टिकते.

माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढवावे लागतात. त्यासाठी कोरडा दगड लावल्यावर अमोनिया २ पीपीएम करून बाटलीतले जिवाणू सोडा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. मग तपकिरी थर येईल, त्यावर हिरवं शेवाळ. दोन्ही आपोआप ओसरतात, औषध टाकू नका. पहिले मासे क्लाउनफिशची जोडी, तीही वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवून. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला तर ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.