प्लास्टिकच्या कयाकवर कड्या आणि रॉड होल्डर : काय चिकटवावे आणि कशासाठी भोक पाडावे

आपल्याला सिट-ऑन-टॉप प्रकारच्या (वरच बसून वल्हवायच्या) प्लास्टिक कयाकच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, गळाच्या काठीसाठी एक होल्डर आणि सामानाची पिशवी बांधायला दोन कड्या बसवायच्या आहेत. भोके पाडायची आपली इच्छा नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीने चिकटवलेली पहिली कडी दुसऱ्याच फेरीत निघून आली. एपॉक्सीचा थर पापुद्र्यासारखा अखंड सुटला आणि कयाकवर त्याचा मागमूसही उरला नाही, असे आपण लिहिले आहे. निदान या वाक्यातच आहे. चिकटद्रव्य कमकुवत असते तर ते मधूनच फाटले असते आणि थोडे थोडे दोन्ही बाजूंना राहिले असते. येथे त्याने प्लास्टिकला मुळात धरलेच नव्हते. तेव्हा याहून महाग एपॉक्सी आणून तसेच लावले तरी ते असेच सुटेल.

आपली कयाक रोटोमोल्डिंगने (तापवलेल्या फिरत्या साच्यात प्लास्टिक वितळवून) बनवलेली, म्हणजे पॉलिथिनची आहे असे मी धरून चालतो, कारण या प्रकारच्या बहुतेक कयाक तशाच असतात. द्रवरूप चिकटद्रव्य एखाद्या पृष्ठभागावर नीट पसरायचे असेल, तर त्या पृष्ठभागाची पृष्ठऊर्जा (द्रवाला स्वतःकडे ओढून पसरवण्याची क्षमता) द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा (द्रवाच्या आक्रसून थेंब बनण्याच्या ओढीपेक्षा) जास्त असावी लागते. पॉलिथिनची पृष्ठऊर्जा सुमारे ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, तर एपॉक्सी रेझिनचा पृष्ठताण ४० च्या वर असतो. त्यामुळे एपॉक्सी त्यावर पसरण्याऐवजी आक्रसते. पॉलिश पेपरने घासल्याने जुना, उन्हाने खराब झालेला थर आणि साच्यातून आलेला तेलकटपणा निघतो, म्हणून घासणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने पृष्ठऊर्जा वाढत नाही. (डेक चकचकीत असून तळ आणि डेक यांच्यामध्ये स्पष्ट सांधा दिसत असेल, तर कयाक एबीएस या वेगळ्या प्लास्टिकची असू शकते. एबीएसला चिकटद्रव्ये सहज धरतात आणि पुढची बरीचशी खटपट लागत नाही.)

पृष्ठऊर्जा वाढवण्याचा घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे ज्योत फिरवणे. ज्योतीमुळे पॉलिथिनच्या अगदी वरच्या थराशी ऑक्सिजन जोडला जातो आणि चिकटद्रव्याला धरायला जागा मिळते. प्रथम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जागा घासावी. पॉलिथिनवर बारीक कुसे उभी राहतील, त्यांची चिंता करू नये, ती ज्योतीने बसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. सिट-ऑन-टॉप कयाक आतून पोकळ आणि बंद असते, म्हणून हॅच (डेकवरचे झाकण) उघडी ठेवावी आणि आत अल्कोहोलची वाफ कोंडलेली असताना ज्योत जवळ आणू नये. या एका बाबतीत घाई अजिबात करू नये. त्यानंतर प्रोपेन टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकेल असे धरून, सेकंदाला ३० ते ४० सेंटिमीटर वेगाने, एकावर एक थोडे चढणारे पट्टे मारत न्यावे. ज्योत कोठेही थांबू नये. प्लास्टिक चमकू लागले, वितळले किंवा काळवंडले, तर उष्णता जास्त झाली आहे.

काम झाले की नाही, हे पाण्याने पाहता येते. ज्योत न लागलेल्या भागावर पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल राहतो आणि कयाक तिरकी करताच घरंगळतो. ज्योत लागलेल्या भागावर तोच थेंब पातळ पडद्यासारखा पसरून तिथेच राहतो. पाणी टिपून जागा कोरडी करावी, तिथे बोटही लावू नये, आणि अर्ध्या तासाच्या आत चिकटद्रव्य लावावे, कारण हा परिणाम टिकाऊ नसतो. हात बसेपर्यंत हे सारे भंगारातल्या निळ्या ड्रमच्या तुकड्यावर करून पाहावे, तोही पॉलिथिनचाच असतो. त्यावर एक पट्टी चिकटवून दुसऱ्या दिवशी ओढून काढली, की आपली पद्धत बरोबर आहे का ते कळते.

चिकटद्रव्य कडक होऊन ठिसूळ बनणारे नको. वेस्ट सिस्टिमचे जी-फ्लेक्स हे लवचिक एपॉक्सी अशा कामासाठी चांगले आहे, मात्र पॉलिथिनवर त्याला ज्योत लागतेच. ज्योत नकोच असेल, तर थ्रीएमचे डीपी ८००५ किंवा डीपी ८०१० ही अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्ये पॉलिथिनला कोणत्याही प्रायमरशिवाय (आधी लावायच्या थराशिवाय) धरतात. ती महाग आहेत, त्यांना उग्र वास येतो, आणि ८००५ तर काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून सगळी जुळवाजुळव आधी करून ठेवावी. सिलिकॉन सीलंट आणि सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) यांच्या भानगडीत पडू नये. सायनोअ‍ॅक्रिलेट विशेष प्रायमर लावल्यास धरते, पण हादऱ्यांनी तडकते.

कड्यांसाठी माझा सल्ला असा, की धातूची बैठक थेट चिकटवू नये. पीव्हीसीच्या मऊ, गोल पॅडवर शिवलेली डी-रिंग (डी आकाराची कडी) मिळते. किमान १० सेंटिमीटर व्यासाचा पॅड घ्यावा. डेक वाकते तसा तो वाकतो आणि ओढ मोठ्या क्षेत्रावर विभागली जाते. पट्टा पृष्ठभागाला समांतर ओढला जाईल अशी कड्यांची दिशा ठेवावी, कारण चिकटवलेला सांधा सरळ घसरत्या ओढीला भरपूर ताकद दाखवतो आणि कडेकडून उकलणाऱ्या ओढीपुढे चटकन हार मानतो. लांब धातूच्या पट्ट्यांना तर उन्हाचाही त्रास होतो : तापमान ४० अंशांनी वाढले, तर ३० सेंटिमीटर लांबीत पॉलिथिन अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दीड ते दोन मिलिमीटर जास्त पसरते, आणि किनाऱ्यावर दुपारभर उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या कयाकवर हे रोज घडते.

रॉड होल्डर मात्र चिकटवू नये, असे मी ठामपणे सांगेन. काठीच्या ६० सेंटिमीटर उंचीवर ५ किलोची ओढ बसली, तर १० सेंटिमीटरच्या बैठकीच्या कडेला सुमारे ३० किलोची उचल बसते, आणि तीही नेमकी उकलणारी. येथे भोके पाडावीत. भोक पाण्याच्या रेषेच्या वर, डेकवर आहे आणि बैठकीखाली ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) दाबली आहे, तर गळतीची भीती बाळगण्याचे कारण नाही. ब्यूटिल चिकटण्यापेक्षा दाबामुळे फट भरते, म्हणून पॉलिथिनवरही काम देते. खाऱ्या पाण्यात फिरणार असाल, तर ३१६ प्रतीच्या, न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि आतून रुंद वॉशर वापरावेत. साधे पॉप रिव्हेट या मऊ प्लास्टिकमधून ओढून निघतात. हात आत पोहोचत नसेल, तर आत गेल्यावर तीन पाकळ्यांत उघडणारे रिव्हेट किंवा रबरी वेल-नट (स्क्रू आवळताच आत फुगून घट्ट बसणारे नट) घ्यावेत.

चिकटवलेल्या कड्या २४ तास हलवू नयेत, आणि त्या पिशवीपुरत्याच वापराव्यात. दुसऱ्या कयाकला ओढण्यासाठी किंवा गाडीच्या टपावर कयाक बांधण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये.

होल्डर जिथे हवा आहे, तिथे हॅचमधून हात पोहोचतो का, आणि त्या जागी आत फोम भरलेला आहे का, हे पाहून येथे लिहावे. त्यावरून बोल्ट घ्यावेत की रिव्हेट, हे सांगता येईल.