अंटार्क्टिका, अंतराळ, उंच डोंगर अशा ठिकाणी छोट्या टीममध्ये स्किल महत्त्वाचं की स्वभाव?

तुम्ही विचारलंय की सगळे आपापल्या कामात तरबेज असतील तर स्वभावाने असा काय फरक पडतो. खूप पडतो हो, मी एका मोहिमेत हे स्वतः बघितलंय.

वादळामुळे आम्ही चौघं चार दिवस एका तंबूत अडकलो होतो. आमच्यातला सगळ्यात दमदार क्लाइंबर दुसऱ्याच दिवशी बिथरला, निघूया निघूया करत दर थोड्या वेळाने तंबूची चेन उघडून बाहेर बघायचा आणि प्रत्येक वेळी भसाभस बर्फ आत यायचा, स्लीपिंग बॅगा ओल्या व्हायच्या. दुसरा एक जण, अगदी कमी बोलणारा, पहाटे कुणी न सांगता उठून स्टोव्ह पेटवायचा, बर्फ वितळवायचा, आधी आमच्या बाटल्या भरायचा आणि मग स्वतःची. त्या उंचीवर लिटरभर पाण्यालाही बराच वेळ लागतो आणि पाणी कमी पडलं की माणूस ढेपाळतो, म्हणजे हे काही किरकोळ काम नव्हे. आम्ही धड खाली आलो ते माझ्या मते त्याच्यामुळे.

अंटार्क्टिकाच्या मोहिमांचा ब्रिटिश नेता शॅकल्टन, त्याला हे बरोबर कळलं होतं. १९१५ मध्ये त्याचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालं, तरी त्याच्यासोबतचे सगळे २७ जण जिवंत परतले. सामान कमी करताना त्याने सोनंनाणं टाकून दिलं पण एकाचा बँजो मुद्दाम ठेवायला लावला. पुढे सगळे एका ओसाड बेटावर पोहोचल्यावर मदत आणायला तो छोट्या होडीतून समुद्रात निघाला तेव्हा सोबतच्या पाच जणांत त्याने मॅकनिश आणि व्हिन्सेंटला घेतलं. मॅकनिश हा उत्तम सुतार, पण आधी बर्फावर हुकूम मानायला नकार दिलेला, व्हिन्सेंट दांडगाई करणारा. असे दोघं मागे बेटावर राहिले असते तर तिथल्या २२ जणांची घडी विस्कटली असती. बेटावर त्याने फ्रँक वाइल्डला ठेवलं, शांत डोक्याचा माणूस, जो रोज सकाळी सगळ्यांना सामान बांधायला लावायचा की आज बॉस येईल म्हणून! चार महिन्यांहून जास्त!

मॉस्कोत २०१०-११ मध्ये मार्स-५०० नावाचा प्रयोग झाला, मंगळाच्या प्रवासाची जमिनीवरची तालीम, सहा पुरुष ५२० दिवस बंद. त्यात ज्या दोघांना ताण आणि थकवा सगळ्यात जास्त जाणवत होता, त्यांच्याच वाट्याला जवळजवळ ८५ टक्के खटके आले. म्हणजे सहापैकी दोनच, पण अशा जागी दार उघडून दुसरीकडे जाता येत नाही ना.

बडबड्या, सगळ्यांना हसवणारा माणूस हवाच असं लोकांना वाटतं, मला नाही पटत. दोन आठवड्यांसाठी छान, पण महिनोन्महिने तेच चार चेहरे समोर असले की ज्याला सारखं कुणीतरी ऐकणारं लागतं त्याचेच हाल होतात. त्यापेक्षा एकटं बसता येणारा आणि चिडला तर तसं सरळ सांगून मोकळा होणारा माणूस मला चालेल.

स्किल नको असं नाही, दोर बांधता येत नसेल तर गोड स्वभाव घेऊन काय करणार. पण आता टीम ठरवताना मी आधी सगळ्यांना घेऊन दोन-तीन रात्री छोट्या तंबूत काढतो, शक्यतो पावसात, आणि दमून आल्यावर भांडी कोण घासतं ते गुपचूप बघतो.