कॅमेऱ्याची फाइल उघडत नाही

प्रश्न : सुरक्षा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधून (चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) घेतलेली ‘डीएव्ही’ फाइल संगणकावर उघडत नाही; नावाच्या शेवटी ‘एमपी४’ लिहूनही उपयोग झाला नाही. काय करावे?

उत्तर : नाव बदलल्याने फाइलची आतली रचना बदलत नाही. अशा फाइलीत चित्रण बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ या, चित्रण आकसून साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचेच असते, फक्त त्याभोवतीचे वेष्टन उत्पादकाचे स्वतःचे असते. म्हणून आधी फाइलसोबत पेनड्राइव्हवर उत्पादकाचा प्लेअरही (चित्रण दाखवणारा प्रोग्राम) उतरला आहे का ते पाहावे, नसल्यास व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरून पाहावा. एफएफएमपेग या, चित्रणाचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने ती फाइल वाचली, तर ‘कॉपी’ पर्यायामुळे चित्रण पुन्हा एन्कोड (नव्याने संकुचित) न होता, म्हणजेच दर्जा न घटता, एमपी४मध्ये जाते. चित्र भरधाव पळू लागल्यास वेळेची नोंद वाचली गेलेली नाही, असे समजावे. मूळ फाइल मात्र, विशेषतः ती पुरावा म्हणून द्यायची असेल तर, मुळीच पुसू नये.