घरचं सोयाबीन पेरू का?

प्रश्न : मागच्या वर्षी विकतचं बियाणं उगवलंच नाही, तीन एकरांत दुबार पेरणी करावी लागली. यंदा घरचं सोयाबीन ठेवलंय. पेरलं तर चालेल?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, बिनधास्त पेरा. सोयाबीन काही संकरित कपाशी नाही, की दरवर्षी नवं बी विकत घ्यावं. सरळ वाणाचं बी दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. मात्र उगवण तपासल्याशिवाय तिफनीला हात लावू नका.

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा. निवडून टपोरेच घेऊ नका, पोत्यात हात घालून येतील तसे घ्या. (मी एकदा चांगले चांगले वेचले, नव्वद उगवले, अन् वावरात पाहतो तर निम्मी तासं मोकळी!) गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पाच-सहा दिवसांनी धट्टेकट्टे कोंब मोजा. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो पुरे. साठ निघाले तर ३५ किलो. त्याहून फार कमी असेल तर ते बाजारात न्या.

या बियाचं साल फार नाजूक. पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो, वरून दाणा सोन्यासारखा दिसतो. हमालाला तेवढं सांगा.

पेरण्याआधी बियाला चोळताना बुरशीनाशक आधी, रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) नंतर, तेही सावलीत. शेजाऱ्याची तिफन निघाली म्हणून धावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या आणि बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.