थीम पार्कमधलं करिअर: सहा लाख भरण्याआधी

चोपडा तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा धुळ्याला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नववीत असताना शाळेची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेली होती. तेव्हापासून त्याचं एकच चाललंय, की काम करीन तर अशाच पार्कमध्ये. मुंबईतल्या एका खासगी संस्थेचा ‘थीम पार्क मॅनेजमेंट’चा एक वर्षाचा कोर्स त्याने शोधला आहे. फी सहा लाख, आणि वर अमेरिकेत फ्लोरिडाला इंटर्नशिप लावून देण्याचा शब्द. घरी तीन एकर केळी आहे, वडील कर्ज काढायला तयार आहेत. पण मामांनी मोबाइलवर बातम्या दाखवल्या, की डिस्नेसारखी कंपनी हजारोंनी माणसं काढते आणि अमेरिकेतले पार्क बंद पडताहेत. ताई लिहितात, “नाही म्हटलं तर पोरगं खचेल, हो म्हटलं तर शेत गहाण. मोठ्या कंपन्यांचं असं, तर आमचं काय?”

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबलो. तिच्याकडे पुढे येतो, कारण माझं उत्तर तिथूनच निघालं आहे.

आधी मामांच्या बातम्यांबद्दल. त्या खऱ्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, डिस्नेने पार्क विभागातल्या २८ हजार लोकांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे दोनतृतीयांश अर्धवेळ कामावरचे होते. करोना ओसरल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सगळ्या कंपनीत मिळून आणखी सात हजार नोकऱ्या कमी करण्याचं आणि साडेपाच अब्ज डॉलर खर्च वाचवण्याचं ठरलं. दुसरी मोठी साखळी सिक्स फ्लॅग्ज. ती जुलै २०२४ मध्ये सीडर फेअर या कंपनीत विलीन झाली आणि एका छत्राखाली ४२ पार्क आले. त्यासोबत सुमारे पाच अब्ज डॉलरचं कर्जही आलं. पुढच्याच वर्षी पूर्णवेळ नोकरांपैकी दहा टक्के कमी करायचं ठरलं. प्रत्येक पार्कला एक प्रमुख असायचा, ते पदच काढून टाकलं. वॉशिंग्टनजवळचा त्यांचा एक पार्क नोव्हेंबर २०२५ मध्ये कायमचा बंद झाला. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या एका पार्कची जमीन तर विलीनीकरणाआधीच, २०२२ मध्ये, गोदामं बांधणाऱ्या कंपनीला विकली गेली आहे. पार्क आज चालतो तो भाडेकरू म्हणून.

यातली एक गोष्ट तुमच्या मुलाने नीट समजून घ्यायला हवी. डिस्नेचे पार्क तोट्यात नाहीत. गेल्या काही वर्षांत त्या कंपनीच्या व्यवसायातल्या नफ्याचा निम्म्याहून मोठा वाटा पार्क, हॉटेलं आणि जहाजांच्या सफरी याच विभागाने दिला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये या विभागात दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवणार असंही कंपनीने जाहीर केलं. तरीही कपातीची टांगती तलवार असतेच, कारण पार्क कमावतो आणि तो पैसा कुठे जाईल हे ठरतं दुसरीकडे. सिनेमात किंवा इंटरनेटवरच्या वाहिनीत खड्डा पडला की काटकसरीचा हुकूम सगळ्यांनाच लागू होतो. म्हणजे आपला विभाग फायद्यात आहे म्हणून आपली नोकरी पक्की, हा हिशेब तिथे चालत नाही.

पार्क हा धंदाही मुळात अवघड. पाळणा, पाण्याचे पंप, वीज, विमा, कर्जाचा हप्ता यांचा खर्च शंभर माणसं आली तरी तेवढाच आणि दहा हजार आली तरी जवळपास तेवढाच. पावसाने दोन शनिवार-रविवार घालवले की महिना कोरडा जातो. तुम्ही केळीवाल्या, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. बाग उभी आहे तोवर पाणी आणि खत द्यावंच लागतं, मग भाव काहीही असो.

आपल्याकडचंही बघू. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी सहलीचं पहिलं स्वप्न त्याचं पाहिलं, आणि २०२२ मध्ये ते बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, ते २००८ मध्ये गेलं. मुलाचं लाडकं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं ते डोक्यावर मोठं कर्ज घेऊनच. ते कर्ज फिटेना, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने इमॅजिकाच ताब्यात घेतलं. शिर्डीचा आणि लोणावळ्याचा वॉटर पार्क चालवणारे तेच हे लोक. उलट बाजूही आहे. कोचीत २००० मध्ये सुरू झालेल्या वंडरलाने बंगळुरू आणि हैदराबादनंतर २०२४ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२५ च्या डिसेंबरात चेन्नईला पार्क उघडले. सरकारनेही करात थोडी सूट दिली. जीएसटी आला तेव्हा या तिकिटांवर २८ टक्के होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. तेव्हा हा धंदा आपल्या देशात मरत नाही. मालक बदलतात, काही बंद होतात, काही नवे उघडतात.

इमॅजिकाचा मालक बदलला, पण ‘नायट्रो’ नावाचा तिथला मोठा रोलर कोस्टर बदलला का? नाही. तो स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, तोच रूळ, तीच चाकं. मालक कुणीही असो, सकाळी दार उघडण्याआधी कुणीतरी त्या रुळाची पाहणी करायचीच, ब्रेक तपासायचे, सीटचं कुलूप हाताने ओढून बघायचं, रिकामी गाडी फिरवायची आणि मग कागदावर सही करायची. ही सही ज्याच्या हाताची, त्याचं काम कंपनी विकली गेली तरी उरतं.

कपात आली की आधी कोण जातं, हे इतक्या वर्षांत मुलांच्या नोकऱ्या लागताना आणि जाताना बघून मला कळलं आहे. तिकीट खिडकी, खाण्याचे स्टॉल, कार्यक्रम करणारे कलाकार, हंगामी पोरं. मग मधले व्यवस्थापक. डिझाइन करणारेही सुटत नाहीत. डिस्नेने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन हजार जणांना फ्लोरिडाला हलवायचं ठरवलं, त्यात पार्कची रचना करणारे कितीतरी होते. काही जण घरदार विकून गेले, आणि मे २०२३ मध्ये ती योजनाच रद्द झाली. एवढ्या गुणी लोकांचं हे झालं. आणि ताई, सहा लाखांचा तो कोर्स मुलाला नेमकं काय शिकवतो, तर गर्दीचं नियोजन, पाहुण्यांशी बोलणं, तिकीटविक्री, कार्यक्रमांचं व्यवस्थापन. म्हणजे जे पद सगळ्यात आधी कापलं जातं, त्याच्यासाठी शेत गहाण टाकायचं. माझं उत्तर स्पष्ट आहे: हे पैसे भरू नका.

आता ती ओळ. तुम्ही सहज लिहून गेलात, “गावच्या गणपतीत दोन वर्षं झाली, हलता देखावा तोच करतो, जीपच्या वायपरची मोटर लावून.” ताई, तुमच्या मुलाबद्दल याहून महत्त्वाचं काही त्या चार पानांत नाही. दहा दिवस, रोज रात्री, लहान पोरांच्या गर्दीत, वीज जात-येत असताना हलता देखावा चालू ठेवणं सोपं नसतं. मोटर तापते, पट्टा सैल होतो, कालियामर्दनातला कृष्ण मध्येच अडकतो. ते ज्याने दुरुस्त केलं, त्याला काम येतं आणि कामात जीवही आहे. त्याला थीम पार्क आवडतो हे खरं. पण मला वाटतं, त्याला पार्क आवडतो तो त्यातल्या यंत्रासाठी.

अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात, मी एकदा आकाशपाळण्याच्या मिस्तरीशी बसून बोललो होतो. वैशाखाचं ऊन, आणि तो माणूस वर चढून एकेक पिन हाताने चाचपत होता. सारंगखेड्याची यात्रा झाली की पाळणा उतरवायचा, ट्रकमध्ये भरायचा, पुढच्या गावी पुन्हा उभा करायचा. शिक्षण सातवी. मी विचारलं, पिन गेलेली कशी कळते? म्हणाला, “आवाज वायला येस.” आवाज वेगळा येतो. त्याचा तो कान मोलाचा आहे. पण त्याच्याकडे नोंदवही नव्हती, भेग दाखवणारं साधन नव्हतं, त्याची तपासणी तपासणारा कुणी नव्हता. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ झोका घेणारी एक राइड तुटून पडली, दोघांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. तेव्हापासून मला मनापासून वाटतं, की या कामात शिकलेली, जबाबदारीने सही करणारी पोरं यायला हवीत. आपल्या खान्देशातून यायला हवीत.

इथेही एक धोका आहे, तो लपवत नाही. काटकसर करणारी कंपनी देखभालीलाही हात लावते. माणूस काढत नाही, पण रिकामी जागा भरत नाही, सुटा भाग पुढच्या तिमाहीत घेऊ म्हणते. ठिबकचा फिल्टर साफ करायचा राहिला तर त्याच दिवशी काही दिसत नाही, दोन महिन्यांनी झाडं सुकलेली दिसतात. तसंच आहे हे. म्हणून नोकरी घेताना मुलाने पगाराइतकंच हेही विचारावं, की देखभालीच्या पथकात किती जण आहेत, आणि राइड बंद ठेवायचा अधिकार कुणाला आहे. जिथे हा अधिकार तंत्रज्ञाला नाही, तिथे जाऊ नये, मग पगार कितीही असो.

आता हे थेट तुझ्यासाठी, बाळा. आईला पत्र तुलाही वाचायला दे म्हणून सांगतोय. डिप्लोमा चांगल्या टक्क्यांनी पूर्ण कर. मग दोन वाटा आहेत. डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जळगावचं सरकारी अभियांत्रिकी आहे, बांभोरी आहे, शिरपूर आहे, घराच्या जवळ. नाहीतर शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षभर कारखान्यात जा. डिप्लोमावाल्यांना केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनासह ती संधी असते. मला दुसरी वाट तुझ्यासाठी जास्त आवडते, डिग्री नंतरही होते. पण शिकायचं काय ते ठरवून जा: हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं), न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी), पीएलसी म्हणजे यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक, बेअरिंग आणि कंपनांची तपासणी. आणि धातू न तोडता त्यातली भेग शोधण्याची विद्या, जिला सगळे एनडीटी म्हणतात. अल्ट्रासाउंड, चुंबकीय भुकटी, रंगद्रव्य या तिच्या पद्धती. त्याचे लेव्हल वन, लेव्हल टूचे कोर्स काही आठवड्यांचे असतात, आणि खर्च सहा लाखांच्या जवळपासही जात नाही. सोबत इंग्रजी वाचायची सवय लाव. राइडच्या सुरक्षेचे अमेरिकन नियम एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ-२४ समिती १९७८ पासून लिहीत आली आहे, युरोपचा नियम ईएन १३८१४ आहे. पुढे मुलाखतीत या दोन नावांचा अर्थ सांगता आला, तर समोरचा खुर्चीत सरळ बसेल.

या विद्येचा मोठा फायदा असा, की ती एकट्या पार्कच्या दावणीला बांधलेली नाही. चैत्रात आपल्याकडची माणसं पायी जातात त्या सप्तशृंगी गडावर आता रुळावरची ट्रॉली आहे. तिचा दोर, चाकं आणि ब्रेक सांभाळणारा तंत्रज्ञ हेच काम करतो. भुसावळचं रेल्वे इंजिनांचं वर्कशॉप, दीपनगरचं औष्णिक केंद्र, जळगावच्या पाइप आणि चटईच्या कारखान्यांतली यंत्रं, मोठ्या शहरांतल्या लिफ्ट आणि मेट्रो, सगळीकडे हीच भाषा बोलली जाते. पार्क बंद पडला तर तुला गाव बदलावं लागेल, धंदा बदलावा लागणार नाही. आणि चार-पाच वर्षांचा अनुभव झाला की मग बाहेरचा विचार कर. मे २०२५ मध्ये डिस्नेने अबू धाबीला पार्क जाहीर केला, पण तिथे पैसा घालणारी, बांधणारी आणि चालवणारी कंपनी तिथलीच आहे. डिस्ने नाव, कल्पना आणि देखरेख देणार, त्या बदल्यात पैसे घेणार. मोठ्या कंपन्या स्वतःची जोखीम अशी कमी करू लागल्या आहेत. तिथे तुला बोलावतील ते तुझ्या हातातल्या कामासाठी, कोर्सच्या प्रमाणपत्रासाठी नाही.

ताई, फ्लोरिडाच्या त्या इंटर्नशिपबद्दल संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा. कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर आणि कोणत्या व्हिसावर पाठवणार? आधीच्या तुकडीतली किती मुलं प्रत्यक्ष गेली, त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का? जागा मिळाली नाही तर किती फी परत, किती दिवसांत? उत्तर कागदावर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, ‘सीट अडवायला’ म्हणून मागतात तो आगाऊ हप्तासुद्धा.

आणि मुलाला “नाही” असं म्हणू नका. “पार्कमध्येच जा, पण यंत्राच्या बाजूने जा,” असं म्हणा. दोन्हींत फार अंतर आहे, आणि त्याला ते कळेल. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन जळगावला या. येताना आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट आणा, आणि त्या हलत्या देखाव्याचा मोबाइलवर व्हिडिओ असेल तर तो जरूर आणा. मला तो कृष्ण कसा फिरतो ते बघायचंय.